देवमाशाच्या पोटातले विरजण

दिवाळीची सुरुवात आपण गाईपासून करतो. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा झाली, की मग धनत्रयोदशी आणि मग पहाटेची अभ्यंगस्नाने. शहरातल्या बिऱ्हाडांत आता गोठा कुठला? तरी पाटावर गाय-वासराचे चित्र काढून का होईना, गाईला नैवेद्य दाखवणारी घरे अजून पुष्कळ आहेत. तेव्हा या सणाच्या अंकात गाईच्या एका दूरच्या नातलगाची ओळख करून दिली, तर वाचक रागावणार नाहीत अशी माझी समजूत आहे. हा नातलग गोठ्यात मावणारा नव्हे. त्याच्यातली सर्वांत मोठी जात शंभर फुटांच्या घरात जाते आणि तिचे वजन दीडशे टनांपर्यंत भरते. त्याला शिंगे नाहीत, खूर नाहीत, शेपटीला गोंडा नाही. आणि राहतो तो समुद्रात. त्याचे नाव देवमासा.

'मासा' हे नुसते म्हणण्यापुरते. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याची मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण तो गाईच्या भावकीतला आहे, हे पुष्कळ थोरांनाही ठाऊक नसते. ही भावकी त्याच्या बाहेरच्या रूपात शोधू गेले तर दिसत नाही. ती त्याच्या पोटात आहे, आणि पोटातही जे डोळ्यांना दिसत नाहीत अशा भाडेकरूंत आहे. आजच्या सदराचा विषय हे भाडेकरू.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही हकीकत बहुतेक सगळी देवमाशाच्या शेणावरून कळलेली आहे. विषय ऐकून आमच्या सौभाग्यवतीने कपाळाला हात लावला. "वर्षाचा सण, आणि त्यात हे?" मी म्हटले, "तुझ्या माहेरी बलिप्रतिपदेला शेणाच्या गवळणी मांडतात, त्या कशाला? आणि अंगण सारवतात ते काय गुलाबपाण्याने?" यावर आतून फक्त चकलीच्या सोऱ्याचा आवाज आला. ती मी संमती समजलो.

* * *

पहिला प्रश्न असा, की एवढा अवाढव्य प्राणी खातो काय? आपल्याला वाटते, शार्कसारखे मोठमोठे मासे मटकावत असेल. वस्तुस्थिती उलट आहे. निळा देवमासा खातो तो क्रिल, म्हणजे आपल्या कोकणातल्या जवळ्याची थोरली बहीण म्हणावी असा बोटाएवढा झिंगा. तोंडात दातांऐवजी कंगव्यासारख्या पट्ट्यांची झालर असते. तोंडभर पाणी घ्यायचे, जिभेने ते झालरीतून बाहेर रेटायचे आणि आत अडकलेला झिंगा गिळायचा. पुरणयंत्रातून पुरण खाली उतरावे आणि चोथा वर राहावा तसा हा प्रकार. फक्त येथे चोथाच कामाचा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की उत्तर पॅसिफिकच्या पूर्व भागातला निळा देवमासा चरण्याच्या हंगामात एका दिवसात सुमारे १६ टन क्रिल फस्त करतो. दोन मालमोटारी भरून झिंगा, रोज!

आता ज्या घरात कोळंबी शिजते, तेथल्या गृहिणीला हे सांगायला नको की कोळंबी खाण्याआधी सोलावी लागते. तिचे कवच ज्या पदार्थाचे बनलेले असते त्याला कायटिन म्हणतात. झुरळाचे पंख, खेकड्याची नांगी, भुंग्याची पाठ ही सारी त्याच घराण्यातली. साखरेच्याच जातीच्या कणांची लांबच लांब साखळी विणून निसर्गाने हे चिवट वस्त्र तयार केले आहे. गवताच्या काडीतला जो चिवटपणा, त्याचे हे सख्खे भावंड. देवमासा काही कोळंबी सोलत बसत नाही. सोळा टनांतले कवच सोळा टनांबरोबरच पोटात जाते. त्याचे पुढे काय होते? ते तसेच वाया जाते, की कोणी त्याचा उपयोग करून घेते?

येथे आपल्याला गोठ्यात डोकवावे लागते. गाय गवत खाते, पण खरे सांगायचे तर गाईला गवत पचत नाही. गवताचा काष्ठतंतू फोडणारा रसच तिच्या अंगात तयार होत नाही. तिच्या पोटाचे चार कप्पे. त्यांतला पहिला म्हणजे एक मोठा रांजण. त्यात अगणित सूक्ष्मजंतू राहतात. चमचाभर रसात ते अब्जांनी मोजावे लागतील. गवत ते खातात, ते आंबवतात आणि त्यातून जी आम्ले निघतात त्यांवर गाय जगते. म्हणजे आपण गाईला चारा घालतो, गाय जंतूंना चारा घालते आणि जंतू गाईला पोसतात. आपल्या स्वयंपाकघरात विरजण जे काम दुधावर करते, ते काम गाईच्या पोटात जन्मभर गवतावर चाललेले असते.

देवमाशाचे पोट कापून पाहिलेल्या शरीरशास्त्रज्ञांना एक गोष्ट फार पूर्वीच दिसली होती. त्याच्याही पोटाला कप्पे आहेत! खरे जठर दुसरे. त्याच्या अलीकडे एक मोठी थैली आहे, जिच्यातून पाचक रस पाझरत नाही. जो प्राणी मांसाहारी, त्याला हा रांजण कशाला हवा? वाघाला तो नाही, मांजराला नाही. १९९०च्या दशकात नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी मिंक जातीच्या देवमाशांच्या या पहिल्या थैलीतले रस तपासले. त्यांत सूक्ष्मजंतूंची दाट वस्ती आढळली आणि मासे व झिंगे यांचे आंबणे तेथेच सुरू होते असे दिसले. चूल पेटण्यापूर्वी पीठ भिजत घालावे, तशी ही व्यवस्था.

* * *

पण नॉर्वेत देवमाशांची शिकार होते, म्हणून पोट उघडून पाहता आले. जो देवमासा मोकळ्या समुद्रात हिंडतो आहे, ज्याला मारायचे नाही आणि ज्याला कोणत्याही तळ्यात आणून ठेवता येत नाही, त्याच्या पोटात डोकवायचे कसे? वैद्यबुवा नाडी पाहतात. येथे नाडी कुठली सापडायला? उत्तर सोपे होते, मात्र नाक मुठीत धरून अमलात आणण्याजोगे. देवमासा जे मागे टाकून जातो, ते गोळा करायचे.

कॅनडाच्या पूर्वेला फंडीचा उपसागर आहे. तेथे उन्हाळ्यात 'राइट व्हेल' जातीचे देवमासे चरायला येत. या नावामागे एक कटू इतिहास आहे. जुने शिकारी म्हणत, मारायला योग्य देवमासा तो हाच. कारण तो सावकाश पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, अंगात चरबी भरपूर, आणि मेल्यावर बुडत नाही. 'योग्य' ठरल्यामुळे बिचारा नामशेष व्हायची वेळ आली. अशा या देवमाशांची विष्ठा तांबूस-तपकिरी रंगाची असते, काही वेळ पाण्यावर तरंगते आणि मग विरून जाते. तिचा वास असा, की ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियममधल्या शास्त्रज्ञ रोझलिंड रोलंड यांनी या वासाचाच फायदा घेतला. पोलीस जसे कुत्र्यांना माग काढायला शिकवतात, तसे त्यांनी कुत्र्यांना देवमाशाच्या विष्ठेचा माग काढायला शिकवून घेतले. त्यांच्यातला फार्गो नावाचा रॉटवायलर जातीचा कुत्रा फार प्रसिद्धीस आला. हा गृहस्थ होडीच्या नाळेवर उभा राही. वाऱ्याबरोबर वास आला की तो त्या बाजूला झुके, आणि सुकाणूवाला त्याच्या नाकाप्रमाणे होडी वळवी. मैलभराहून अधिक अंतरावरचा माल या कुत्र्यांनी हुडकून काढला आहे. माणसाच्या नशिबावर सोडले असता जेवढे नमुने मिळत, त्याच्या चौपट नमुने कुत्रा होडीवर असताना मिळू लागले. बक्षीस काय? खेळायला एक चेंडू. इतक्या स्वस्तात इतका निष्ठावंत नोकर आपल्याकडेही मिळणार नाही.

जाळीने गोळा केलेला हा ऐवज प्रयोगशाळेत गेला की दुसरे नवल सुरू होते. पूर्वी जंतू ओळखायचे तर ते काचेच्या बशीत वाढवावे लागत. देवमाशाच्या आतड्याबाहेर जगायला जे तयारच नाहीत, ते बशीत कसे वाढणार? आता तशी गरज उरलेली नाही. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची कुळकथा रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. नमुन्यातली ती सगळी अक्षरे एकदम वाचायची, आणि त्यांवरून येथे कोण कोण राहते, कोणाच्या अंगी कोणते कसब आहे, हे ताडायचे. चाळीच्या दारावरच्या पाट्या वाचून आतली बिऱ्हाडे ओळखावीत तसेच.

२०१५ साली जॉन सँडर्स, पीटर जिरगस, जो रोमन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा पाट्या वाचून एक निबंध प्रसिद्ध केला. राइट व्हेल आणि तिच्यासारख्या झालरवाल्या देवमाशांच्या विष्ठेतले जंतू त्यांनी जमिनीवरच्या प्राण्यांच्या जंतूंशी ताडून पाहिले. अपेक्षा अशी, की देवमासा प्राणी खातो, तेव्हा त्याची वस्ती वाघ-सिंहांच्या वस्तीसारखी निघावी. निघाले ते निराळेच. आंबवण्याच्या कामापुरते पाहिले तर ही वस्ती गवत खाणाऱ्या प्राण्यांसारखी! गाईच्या पोटातले जंतू काष्ठतंतू फोडतात. त्याच धर्तीचे कारखाने येथे कायटिनचे कवच फोडण्याच्या कामी लागले असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. मात्र प्रथिने मोडण्याचे आणि त्यांचे घटक जुळवण्याचे काम पाहिले, तर तेथे वाघ-सिंहांची रीत दिसली. एका घरात दोन स्वयंपाकघरे; एक शाकाहारी आणि एक मांसाहारी. आपल्याकडे सासू आणि सून वेगळ्या पंथाच्या असल्या म्हणजे होते तसेच. पण येथे भांडण नाही.

* * *

हा शाकाहारी वारसा आला कुठून? त्याचा धागा थेट आपल्या देशात येऊन पोहोचतो.

ए. रंगा राव नावाचे एक भारतीय भूशास्त्रज्ञ होते. काश्मीरच्या बाजूला कालाकोट येथे त्यांनी जुन्या खडकांचे ढिगारे गोळा करून ठेवले होते. ते सगळे फोडून पाहण्याआधीच त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसेन या अमेरिकेतल्या संशोधकाच्या हवाली केले. एक दिवस दगड साफ करताना मदतनिसाच्या हातून एक कवटी फुटली. नुकसान झाले खरे, पण फुटलेल्या जागी कानाचे हाड उघडे पडले, आणि त्या हाडाची एक बाजू विलक्षण जाड होती. अशा घडणीचा कान देवमाशांखेरीज दुसऱ्या कोणाला असल्याचे तोवर माहीत नव्हते. २००७ साली ही गोष्ट जगापुढे आली. प्राण्याचे नाव इंडोहायस. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा जीव मांजराहून फार मोठा नव्हता; पाय हरणासारखे बारीक, त्यांना खूर, आणि हाडे जड. जड हाडे म्हणजे पाण्यात उभे राहण्याची सोय. दातांच्या रसायनावरून त्याचे खाणे बहुधा पाल्याचे असावे असे दिसते. धोका वाटला की तो पाण्यात बुडी मारत असेल. इंडोहायस हा देवमाशांचा प्रत्यक्ष पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला आहे. पण दोघांचा मूळपुरुष खूर असलेला जमिनीवरचाच प्राणी होता, याबद्दल आता दुमत नाही. आजच्या जिवंत प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे पाणघोडा. गाय, हरीण, मेंढी ही त्यानंतरची भावकी.

मला या गोष्टीत सर्वांत हृद्य वाटतात त्या रंगा रावांच्या पत्नी. नवऱ्यामागे दगडांचे ढीग कोण सांभाळते? जागेची अडचण असलेल्या घरात तर पहिला हातोडा त्यांच्यावरच पडायचा. त्यांनी ते सांभाळले, म्हणून देवमाशाला आपले आजोळ सापडले.

तात्पर्य असे, की देवमाशांच्या वाडवडिलांनी जमीन सोडली, पाय सोडले, केस सोडले, पालासुद्धा सोडला. पण पोटातला रांजण सोडला नाही. घर बदलताना बायका सगळे सामान टाकतील, पण विरजणाची वाटी पदराखाली धरून नेतील, तसे झाले. गवत आंबवणारी जी व्यवस्था होती, तीच झिंग्याच्या कवचावर चालू लागली. भाडेकरूंच्या जाती अर्थात पुष्कळ बदलल्या असतील, रीत राहिली.

याच्या नेमके उलट उदाहरण चीनमध्ये आहे. पांडा हा अस्वलाच्या कुळातला, म्हणजे मुळात मांस खाणारा. त्याने बांबू खायला सुरुवात केली त्यालाही लाखो वर्षे झाली. पण २०१५ सालीच चिनी संशोधकांनी दाखवून दिले, की त्याच्या आतड्यातली जंतूंची वस्ती अजून मांसाहाऱ्यांच्या वळणाची आहे. परिणाम असा, की पोटात गेलेल्या बांबूपैकी जेमतेम सतरा टक्के त्याला पचतो आणि बिचारा दिवसभर चघळत बसतो. म्हणजे ताटात काय वाढले एवढ्यावर सगळे ठरत नाही. घराण्यात काय चालत आले यावरही ठरते.

कोणी विचारील, समुद्रात राहणाऱ्याच्या पोटात समुद्रातलेच जंतू शिरत असतील, त्यात घराणे कसले? याचे उत्तर २०१६ साली मिळाले. एलिझाबेथ बिक, डेव्हिड रेलमन आणि इतरांनी ४८ डॉल्फिन आणि १८ समुद्रसिंह यांचे नमुने तपासले. डॉल्फिन म्हणजे देवमाशांच्याच कुळातले दातवाले भावंड. त्यांच्या अंगातले जंतू भोवतालच्या पाण्यातल्या जंतूंपेक्षा निराळे होते, आणि ते जे मासे खातात त्यांच्यातल्या जंतूंपेक्षाही निराळे. डॉल्फिनमध्ये सापडलेल्या कुळकथांपैकी सुमारे सत्तर टक्के पूर्वी कोठेच नोंदलेल्या नव्हत्या. समुद्र चहूकडून भिंतीला लागलेला, तरी घरातली माणसे घरचीच!

आणि या भाडेकरूंचे कसब किती दूर जाते, ते उत्तर ध्रुवाकडच्या बोहेड देवमाशात पाहावे. हा दोनशे वर्षांहून अधिक जगू शकतो. २००७ साली अलास्कात मिळालेल्या एका बोहेडच्या खांद्यात एकोणिसाव्या शतकातल्या शिकारी भाल्याचा तुकडा रुतलेला निघाला. त्याचे खाणे म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे किडे, आणि त्या किड्यांच्या अंगातली चरबी मेणाच्या जातीची. मेण खाऊन कोणी धष्टपुष्ट होते काय? बहुतेक सस्तन प्राण्यांना ते नीट पचत नाही. पण अलास्कातले इनुपियात लोक परंपरेने अन्नासाठी जी मर्यादित शिकार करतात, तिच्यातून संशोधकांना बोहेडच्या अन्नमार्गाचे टप्प्याटप्प्याचे नमुने मिळाले. २०२० साली त्यांचा निष्कर्ष आला. जठरात भरपूर असलेले मेण आतड्याचा मार्ग आक्रमताना जवळजवळ नाहीसे होते, आणि ज्या टापूत ते घटते त्याच टापूत जंतूंची वस्तीही बदलते. मेण पचवण्यात त्यांचा हात असावा, असा तर्क यावरून निघतो. मेणाच्या दिव्यावर आपण उजेड करतो. बोहेड त्यावर बर्फाच्या समुद्रात दोन शतके काढतो.

* * *

हे झाले पोटातले. पोटाबाहेर पडल्यावर या मालाचे काय होते, ती हकीकत याहून मोठी आहे.

देवमासा खोल पाण्यात चरतो आणि श्वासासाठी वर येतो. मलविसर्जनही बहुधा वरच करतो. म्हणजे खालचे खत वर आणून पेरणारा तो एक चालता पंप झाला. जो रोमन आणि जेम्स मॅकार्थी यांनी २०१० साली हिशेब मांडला. अमेरिकेच्या ईशान्येला मेनचे आखात आहे. तेथे देवमासे आणि सील मिळून दर वर्षी सुमारे २३,००० टन नायट्रोजन पाण्याच्या वरच्या थरात सोडतात. त्या आखाताला मिळणाऱ्या सर्व नद्या मिळूनही तेवढा आणत नाहीत. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात तर लोहाची मोठी चणचण. तेथे देवमाशाच्या विष्ठेतले लोह भोवतालच्या पाण्यापेक्षा एक कोटी पटींनी अधिक भरते. या खतावर पाण्यातली सूक्ष्म वनस्पती वाढते, तिच्यावर क्रिल आणि क्रिलवर पुन्हा देवमासा. ज्या झाडाची फळे खायची, त्याच्याच बुंध्याशी खत घालायचे. शहाणा शेतकरी याहून वेगळे काय करतो?

या शेतकऱ्याचे आपण काय केले? विसाव्या शतकात जगभर सुमारे एकोणतीस लाख देवमासे मारले गेले. १९१० ते १९७० या काळात एकट्या दक्षिण समुद्रात सुमारे पंधरा लाख. त्या वेळी शहाण्यासुरत्या लोकांना वाटे, खाणारा गेला म्हणजे क्रिल माजेल, मग ते आपण धरू. क्रिल माजले नाही. काही भागांत उलट कमी झाले. खतवाला गेल्यावर शेत कसे पिकणार? १९८२ साली व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव झाला आणि १९८६ पासून तो अमलात आला. दोन-तीन देशांनी तो झुगारला. पण बऱ्याच जाती हळूहळू सावरत आहेत.

देवमाशाच्या आतड्यातून निघणाऱ्या एका वस्तूची किंमत मात्र माणसाला फार पूर्वीपासून कळली होती. ती म्हणजे अंबर, वर्तमानपत्रांच्या भाषेत 'व्हेलची उलटी'. ती उलटी नव्हे. दातवाल्या शुक्राणू देवमाशाचे खाणे माकूळ. माकुळांच्या टणक चोची क्वचित एखाद्याच्या आतड्यात अडकतात आणि त्यांच्याभोवती जो गोळा धरतो तो अंबर. अत्तरवाले त्यासाठी सोन्याचा भाव मोजत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे; तरी मुंबई आणि कोकणात तो चोरून विकताना माणसे पकडली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शंभरांतल्या एखाद्याच्या पोटातल्या आजाराला लाखोंचा भाव, आणि निरोगी देवमासा रोज जे फुकट देतो त्याला कोणी विचारीत नाही. आपला हिशेब असा आहे.

आणि त्या भाडेकरूंना कमी लेखू नये. धनी मेला तरी त्यांचे काम थांबत नाही. आंबवणे चालूच राहते, वायू साठत जातो आणि किनाऱ्याला लागलेले धूड फुगते. २००४च्या जानेवारीत तैवानमधल्या ताइनान शहरात एका प्रचंड देवमाशाचे शव मालमोटारीवरून नेत असताना भर रस्त्यात फुटले. दुकाने, मोटारी आणि माणसे कशाने माखली, ते सणाच्या अंकात लिहीत नाही. आपल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जून २०१५ मध्ये निळा देवमासा लागला, तेव्हा पाहायला खूप गर्दी लोटली होती. असा प्रसंग पुन्हा आलाच, तर मुलांना खांद्यावर घेऊन जवळ जाऊ नये, वनखात्याला कळवावे, एवढा व्यवहारी सल्ला देऊन ठेवतो.

* * *

आता शेवटची गोष्ट. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कला तो भयंकर हल्ला झाला आणि त्यानंतर काही दिवस जहाजांची वर्दळ एकदम उतरली. फंडीच्या उपसागरात रोलंडबाईंच्या मंडळींचे काम त्या हंगामात चालूच होते, आणि दुसरे संशोधक पाण्याखालचे आवाज नोंदवीत होते. पुढे २०१२ साली दोन्ही टिपणे शेजारी ठेवून पाहिली. त्या दिवसांत पाण्यातला गोंगाट ६ डेसिबलांनी घटला होता. आणि त्याच दिवसांतल्या विष्ठेत देवमाशांच्या मनावरचा ताण दाखवणारी द्रव्ये कमी होती. साऱ्या जगाची झोप उडाली होती तेव्हा देवमाशांना जराशी शांती मिळाली, आणि हे त्यांच्या शेणाने सांगितले. एरवी ती जनावरे किती ताणाखाली जगतात, हे त्यावरूनच प्रथम नीट कळले.

उत्तर अटलांटिकमधल्या त्या राइट व्हेल आज चारशेसुद्धा राहिलेल्या नाहीत. शिकार केव्हाच थांबली आहे. आता त्या मरतात त्या जहाजांच्या धडकेने आणि मासेमारीच्या दोरांत गुरफटून. त्यांतल्या पिले होण्याजोग्या माद्या तर याहून पुष्कळच थोड्या.

आपण एखादी जात गेली म्हणतो तेव्हा एक प्राणी गेला असे मोजतो. पण विरजण ज्या घरात लावले जाते ते घर बंद झाले, तर नुसती माणसे जात नाहीत. आईने मुलीला आणि मुलीने नातीला दिलेली ती वाटीही संपते. आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेले विरजण बाजारात विकत मिळत नाही. या चारशे पोटांत ज्या वस्त्या आहेत, त्यांतल्या कितीतरी बिऱ्हाडांचा पत्ता अजून दुसऱ्या कोठेही लागलेला नाही. त्यांची नावे ठेवायचेही काम पुरे झालेले नाही. पाच कोटी वर्षे एका पोटातून दुसऱ्या पोटात चालत आलेली ती रीत दोरात अडकून संपावी, हे बरे नव्हे.

तेथे उपाय ठाऊक झालेले आहेत. जहाजांनी ठरावीक हंगामात आणि टापूत वेग कमी करायचा, त्यांचे मार्ग थोडे बाजूला घ्यायचे, आणि खेकडे-शेवंड धरणाऱ्यांनी पाण्यात उभा दोर न सोडता काम होईल अशी साधने वापरायची. यांतले काही सुरू आहे, काहींवर वाद चालले आहेत, कारण प्रत्येकात कोणाचा तरी वेळ आणि कोणाची तरी मिळकत गुंतलेली आहे. मासेमाराचेही पोट आहेच. पण दोन पोटांचा हिशेब एकत्र मांडायला बसले म्हणजे मार्ग निघतो, असा संसारी माणसाचा अनुभव आहे. पुढच्या उन्हाळ्यातही त्या पाण्यात एखादी होडी नमुने शोधत फिरेल. जाळीत थोडा तांबूस गाळ लागला, तर ती मंडळी नाक दाबून का होईना, आनंदाने हसतील. कारण त्याचा अर्थ एवढाच, की जवळपास कोठेतरी एक देवमासा जेवून तृप्त झालेला आहे.